नभोवाणीचे मंत्री : डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर

(द्वितीय वर्ष कला)

हिंदुस्थानी संगीताचा इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यात गायकांची नावे येतात, घराण्यांची परंपरा येते, एखाद्या गुणग्राही राजाचाही उल्लेख येतो. पण राजेरजवाडे गेल्यानंतर हे संगीत कोणाच्या आधाराने तगले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की एका मराठी माणसाचे नाव समोर येते. तो पेशाने गवई नव्हता आणि त्याच्यापाशी दरबारही नव्हता. मात्र १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षे देशाची नभोवाणी त्याच्या हाती होती. ते म्हणजे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

आज केसकरांचे नाव निघाले तर ते बहुधा चेष्टेने निघते. रेडिओवरून सिनेमाची गाणी हद्दपार करणारा मंत्री, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यांच्या कारकिर्दीत काही फार मोठी कामे झाली आणि काही फार मोठ्या चुकाही झाल्या. दोन्हींचा उगम त्यांच्या एकाच स्वभावात होता, म्हणून हे चरित्र नीट समजून घेण्यासारखे आहे.

केसकरांचा जन्म १९०३ साली पुण्याचा. त्यांच्या ऐन उमेदीच्या वयात महात्मा गांधींच्या असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला. सरकारी शिक्षणसंस्थांवर बहिष्कार टाकणाऱ्या तरुणांसाठी ठिकठिकाणी राष्ट्रीय विद्यापीठे निघाली होती. त्यांपैकी काशी विद्यापीठाची स्थापना १९२१ साली झाली. पुढे पंतप्रधान झालेले लालबहादूर शास्त्री याच विद्यापीठाचे पदवीधर. केसकर तेथे शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापनही केले. त्यानंतर ते पॅरिसला गेले आणि तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतले. पुण्यात जन्म, काशीत शिक्षण आणि पॅरिसमध्ये संशोधन, असा हा प्रवास. परदेशात राहूनही त्यांची दृष्टी मात्र पक्की स्वदेशी राहिली.

काशीने त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे गाणे. बनारसचे हरिनारायण मुखर्जी यांच्यापाशी त्यांनी धृपदाची तालीम घेतली. धृपद ही भारदस्त गायकी. तीत शब्द स्पष्ट, लय ठाम आणि रागाची मांडणी शिस्तीची. केसकरांच्या पुढील धोरणावर या शिक्षणाची छाप दिसते. संगीत ही त्यांच्या दृष्टीने करमणूक नव्हती. ती एक विद्या होती, आणि विद्या म्हटली की तिला शास्त्र हवे, परीक्षा हवी आणि शिस्त हवी.

स्वातंत्र्याच्या चळवळीत ते काँग्रेसच्या मध्यवर्ती कार्यालयात वावरले. पक्षाच्या परराष्ट्र विभागाचे काम त्यांनी पाहिले आणि १९४६ च्या सुमारास ते पक्षाचे सरचिटणीस होते. त्याच काळात त्यांनी क्रिकेटविरुद्ध लिहिले होते. इंग्रज गेले की हा इंग्रजी खेळही या देशातून जाईल, अशी त्यांची समजूत होती. पुढे काय झाले ते आपण सारे जाणतोच! ही गोष्ट गमतीची वाटते, पण तीत केसकर पुरते दिसतात. लोकांना एखादी गोष्ट मनापासून आवडते म्हणजे नेमके काय होते, याचा त्यांना अंदाज येत नसे. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर प्रदेशातील सुलतानपूर भागातून निवडून आले आणि १९५२ साली पंडित नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते सोपविले.

त्या वेळी संगीताची स्थिती काय होती, हे समजण्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या सातारा-सांगलीचेच उदाहरण पुरेसे आहे. हा सारा टापू लहान-मोठ्या संस्थानांचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि मिरजेत शिष्य तयार केले. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी मिरजेतच शिकले. मिरजकरांच्या आश्रयाने शिकलेल्या या शिष्याने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेबही मिरजेत स्थिरावले आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. इकडे सातारा जिल्ह्यात औंधच्या दरबारी अंतुबुवा जोशी गात होते. १९४८ साली दक्षिणेतील संस्थाने विलीन झाली. प्रजेला लोकशाही मिळाली, हे योग्यच झाले. पण त्याबरोबर गवयांचे तनखे थांबले. देशभर हीच अवस्था होती. तिकीट लावून होणाऱ्या मैफली मुंबई-पुण्यात होत. लहान गावातल्या कलावंताने पोट कशावर भरायचे?

केसकरांनी याचे उत्तर दिले. जे काम राजे करीत होते ते आता लोकांच्या सरकारने केले पाहिजे आणि त्यासाठी नभोवाणी हेच साधन आहे, अशी त्यांची धारणा होती. १९५२ च्या जुलैमध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री एका मोठ्या कलावंताचे गायन किंवा वादन देशातील सर्व केंद्रांवरून एकाच वेळी ऐकू येऊ लागले. उत्तरेतल्या श्रोत्याला कर्नाटक संगीत आणि दक्षिणेतल्या श्रोत्याला ख्याल, दोन्ही घरबसल्या मिळू लागले. त्याच वर्षी वाद्यवृंदाची स्थापना झाली आणि तरुण सतारवादक रविशंकर त्याची धुरा सांभाळू लागले. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन भरू लागले. निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफल व्हायची आणि ती नभोवाणीवरून साऱ्या देशात जायची. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला फक्त ६ केंद्रे आली होती. केसकरांच्या काळात केंद्रे वाढत गेली. पुण्याचे केंद्र १९५३ साली सुरू झाले. प्रत्येक केंद्राला गवई लागत, साथीदार लागत, तानपुऱ्यावर बसणारे लागत. कोणाला नोकरी मिळाली, कोणाला ठराविक मुदतीने कार्यक्रम मिळू लागले. औंधच्या अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी हे एके काळी संस्थानचे कलावंत. त्यांनीही पुढे आकाशवाणीत नोकरी केली. दरबारातून नभोवाणीत असा हा प्रवास त्या पिढीतल्या अनेकांनी केला.

हे झाले देणे. आता घेणे पाहू. आश्रय द्यायचा तर पात्र कोण हे ठरवावे लागते. केसकरांनी कलावंतांच्या श्रवणचाचणीची कडक पद्धत आणली. हिंदुस्थानी संगीतासाठी नेमलेल्या मंडळाचे प्रमुख होते लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, म्हणजे पंडित भातखंड्यांचे शिष्य. परीक्षक एका खोलीत, कलावंत दुसऱ्या खोलीत. ओळखदेख, वशिला यांना वाव राहू नये हा हेतू. त्यानंतर श्रेणी ठरायची आणि श्रेणीवर मानधन. हेतू चांगला होता हे मान्य करावे लागेल. परंतु गाण्याबरोबर रागशास्त्राचे प्रश्नही विचारले जात. ज्यांनी आयुष्यभर गुरूच्या तोंडून ऐकून विद्या मिळविली, ज्यांनी कधी ग्रंथ उघडला नाही, अशा जुन्या खाँसाहेबांना नि बुवांना ही परीक्षा म्हणजे अपमान वाटला. मुंबई-कलकत्त्याच्या कलावंतांनी विरोध केला, काहींनी नभोवाणीवर बहिष्कार टाकला. कागदावरचे ज्ञान आणि गळ्यातले ज्ञान यांत थोर कोणते, हा वाद तेव्हा पेटला आणि तो अजून पूर्ण विझलेला नाही.

हार्मोनियमची गोष्ट मात्र केसकरांच्या माथी चुकीने मारली जाते. त्या पेटीला नभोवाणीचे दार बंद झाले ते १९४० साली, इंग्रजांच्या राज्यात. पेटीचे स्वर ठरलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने जाता येत नाही आणि सूक्ष्म श्रुतीही तिच्यातून निघत नाहीत, हे त्यामागचे कारण. केसकरांनी ही बंदी फक्त पुढे चालविली. आपल्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले होते आणि नाट्यसंगीत तर ऑर्गन-पेटीवरच वाढले होते. त्यामुळे मराठी कलावंतांना ही बंदी विशेष जाचली. १९७१ साली ती साथीपुरती सैल झाली, तेव्हा केसकर मंत्रिपदावरून जाऊन नऊ वर्षे लोटली होती.

सिनेसंगीताचा निर्णय मात्र सर्वस्वी त्यांचा. सिनेमाची गाणी दिवसेंदिवस उथळ होत आहेत, पाश्चात्त्य चालींची नक्कल करीत आहेत आणि तरुणांची अभिरुची बिघडवीत आहेत, असे त्यांचे मत होते. प्रथम त्यांनी या गाण्यांचा वेळ कमी केला. मग चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात आहे म्हणून ते नाव बंद केले. चित्रपट निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेगीत जवळजवळ नाहीसे झाले.

पण आवड अशी नाहीशी होते का? समुद्रापलीकडे रेडिओ सिलोन होते. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक त्यांच्या हाती आले होते आणि त्यांचा आवाज लघुलहरींवरून भारतभर स्पष्ट पोचत असे. नेमक्या १९५२ च्या अखेरीस तेथून बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी संध्याकाळी अमीन सयानींचा आवाज ऐकण्यासाठी लोक रेडिओभोवती गोळा होऊ लागले. ज्या घरात राष्ट्रीय कार्यक्रम ऐकला जावा अशी मंत्रिमहोदयांची इच्छा होती, त्याच घरातला काटा सिलोनकडे फिरला. जाहिरातीचा पैसाही सिलोनला गेला. सरकारला रेडिओचे दार बंद करता आले, लोकांचा कान मात्र बंद करता आला नाही.

सिनेगीताची जागा भरण्यासाठी केसकरांनी १९५३ पासून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग काढले. चांगले कवी, चांगले संगीतकार बोलावून नवी गाणी करून घ्यायची ही योजना. पुष्कळ ठिकाणी ती रडतखडत चालली. पण आपल्या पुणे केंद्रावर या वातावरणात जे घडले त्याला तोड नाही. १९५५ च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झाले. कल्पना आकाशवाणीचे सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभरात ५६ गीते झाली. गीतागणिक राग निराळे, पण चाली अशा की बाळबोध माणसालाही गुणगुणता याव्यात. गीतरामायणाच्या वेळी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसणाऱ्या घरांच्या आठवणी जुन्या माणसांकडून आपण ऐकल्या आहेत. माडगूळकर हे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या माणदेशाचे. आणि गंमत अशी, की माडगूळकर आणि फडके दोघेही चित्रपटसृष्टीत नावारूपाला आलेले! मंत्र्यांनी ज्या क्षेत्राला दाराबाहेर ठेवले, त्याच क्षेत्रातील दोघांनी त्यांच्या नभोवाणीला तिचे सर्वात मोठे यश मिळवून दिले. रागसंगीत लोकांपर्यंत नेण्याचे केसकरांचे स्वप्न महाराष्ट्रात सर्वाधिक कोणी पुरे केले असेल तर ते या दोन चित्रपटवाल्यांनी. लोकांना काय ऐकू नये हे सांगून ते साधले नाही. लोकांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या कथेत चांगले काही दिले, तेव्हा ते साधले.

असाच दुसरा अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतला आहे. त्या काळी साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे होते. दक्षिण सातारा म्हणजेच आजचा सांगली जिल्हा. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकायचे, नंतर त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे देई. येथे रेडिओ नुसता बोलत नव्हता, तो ऐकतही होता. संगीताच्या बाबतीतही केसकरांनी श्रोत्यांचे असेच ऐकून घेतले असते तर? हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

केसकरांच्या विचारातील एक बाजू मात्र स्पष्टपणे नाकारली पाहिजे. मुसलमानी अमलात संगीत शास्त्रापासून तुटले, अशिक्षित उस्तादांच्या आणि कोठ्यांच्या हाती गेले आणि त्यामुळे त्याचा ऱ्हास झाला, असे ते मानीत आणि लिहीतही. मिरज ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पटणे कठीण आहे. मिरजेच्या दर्ग्यात मोठमोठे हिंदू गवई येऊन हजेरी लावतात आणि खाँसाहेबांच्या स्मृतीला वंदन करतात. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, ही परंपरा धर्माच्या रेघेने कापता येईल काय? केसकरांच्याच नभोवाणीवरून बिस्मिल्ला खाँची सनई आणि अहमदजान थिरकवाँचा तबला घुमत होता. त्यांच्या संस्थेने जे केले ते त्यांच्या मताहून मोठे होते.

अखेर त्यांनाही माघार घ्यावी लागली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली. कवी पंडित नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. सिनेमाची गाणी पुन्हा आकाशवाणीवर आली, पण निवडून, इतर कार्यक्रमांच्या जोडीने. लोकांनी तिचे भरभरून स्वागत केले आणि सिलोनकडे गेलेले श्रोते हळूहळू परतू लागले. त्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओसाठी आकाशवाणी हे नाव स्वीकारले गेले. हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेल्या मंत्र्याच्या कारकिर्दीतच ही दुरुस्ती झाली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

१९६२ च्या निवडणुकीत केसकर पराभूत झाले आणि मंत्रिपद गेले. नंतर अनेक वर्षे त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्षपद सांभाळले. १९६७ साली भारतीय संगीताचे प्रश्न व भवितव्य या विषयावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९८४ साली त्यांचे निधन झाले. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले, म्हणजे ते मंत्री नसताना. पण गावोगावच्या कलावंतांना व्यासपीठ देण्याची जी घडी त्यांनी बसविली होती, तिचा लाभ आपल्या भागालाही मिळाला.

केसकरांचे मूल्यमापन कसे करावे? शहरातल्या जाणकारांना त्यांची बंदी हास्यास्पद वाटते. मी जरा वेगळ्या जागेवरून पाहते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आजोबांनी आयुष्यात कधी तिकीट काढून मैफल ऐकली नाही, त्यांना कोणी गुरूही नव्हता. तरी भीमसेनांचा आवाज ते पहिल्या स्वराला ओळखत आणि गीतरामायणातली कितीतरी गीते त्यांना पाठ होती. शेताच्या बांधावर आणि घराच्या ओसरीत त्यांना हे देणारा रेडिओच होता. सिनेमाची गाणीही ते तितक्याच आवडीने ऐकत; एकाने दुसऱ्याला बाधा आल्याचे दिसले नाही. ज्यांच्यापाशी पैसा नाही, घराणे नाही, शहर नाही, त्यांच्याही कानावर उत्तम संगीत पडले पाहिजे, हा केसकरांचा आग्रह अशा लाखो घरांसाठी वरदान ठरला. सामान्य माणसाला स्वतःची निवड करता येत नाही, हा त्यांचा समज मात्र त्याच घरांनी खोटा ठरविला.

आता परिस्थिती पालटली आहे. आकाशवाणीने २०१६ साली अभिजात संगीतासाठी रागम ही चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनी काढली. मोबाईलवर हवा तो गायक हव्या त्या क्षणी ऐकता येतो. कोणी मंत्री कोणाला काही ऐकायला लावीत नाही. पण ज्याला रागसंगीताची ओळखच नाही तो ती वाहिनी शोधणार कशी? पूर्वी बातम्यांची वाट पाहताना अवचित एखादा मालकंस कानी पडे आणि माणूस थबके. जो शोधीत नाही त्याच्याही वाटेवर चांगले काही ठेवायचे, हे सार्वजनिक नभोवाणीचे काम केसकरांनी ओळखले होते. त्यांची बंदी इतिहासजमा झाली, ते बरेच झाले. हे काम मात्र इतिहासजमा होता कामा नये. त्यासाठी आपणही आठवड्यातून एकदा तरी आकाशवाणीकडे कान वळवावेत आणि आपल्याला काय ऐकायला आवडेल ते केंद्राला पत्राने कळवावे. श्रोत्यांची पत्रे येत राहिली तरच कार्यक्रम टिकतील.